गाडी बंद होती

शर्ट भिजवायला घेताना उमाला ते खवलं दिसलं. उजव्या बाहीच्या दुमडीत अडकलेलं, करंगळीच्या नखाएवढं, वाळलेलं, पण उन्हात धरल्यावर चमकणारं. जोगळेकरांच्या घरात मासा कधी शिजला नव्हता. घरातला एकच माणूस मासे खायचा, तेही बाहेर, आणि तेही प्यायला बसला की. तळलेला बांगडा आणि बाटली या दोन गोष्टी उमाच्या डोक्यात वेगळ्या राहिल्याच नव्हत्या.

तिने बाही नाकाशी नेली. घाम, बागेतल्या फवाऱ्याचा उग्र वास, आणि त्याखाली समुद्राचा कुबट ओलसरपणा. दारूचा वास नव्हता. पण त्याने तिचं समाधान होण्यातलं नव्हतं. वास न येऊ देता कसं प्यायचं, हे त्या शर्टाच्या मालकाने तिला वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

तिच्या नवऱ्याने, यज्ञेशने दारू सोडल्याला आठ महिने झाले होते. रत्नागिरीजवळ गोळपला त्याची वडिलोपार्जित आंब्याची बाग, उमा जवळच्याच हायस्कुलात गणिताची शिक्षिका, आणि घरात तिचे ऐंशीचे सासरे आप्पा. आधीही त्याने तीनदा सोडून पाहिली होती. एकदा कुलदेवतेपुढे शपथ घेऊन, एकदा कुणा बुवाची माळ घालून, एकदा आप्पांच्या पायावर डोकं ठेवून. माळेचा नेम सर्वांत जास्त टिकला, एकोणीस दिवस. चौथ्या खेपेला मात्र तो स्वतःहून व्यसनमुक्ती केंद्रात गेला, तीन महिने राहिला, आणि परत आल्यावर दर गुरुवारी-रविवारी रत्नागिरीला मीटिंगला जाऊ लागला. तिथे म्हणे सगळे पूर्वीचे पिणारेच. एकेकाने उठून आपलं नाव सांगायचं, आपली कहाणी सांगायची, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायची. आणि आपल्याहून मोठी अशी कुठली तरी शक्ती आहे, तिच्यावर हवाला ठेवायचा.

लोक उमाचं अभिनंदन करत. ती हसून मान हलवी. खरं सांगायचं तर पिणारा नवरा तिला तोंडपाठ होता. हा न पिणारा माणूस कोण, याचा तिला पत्ता लागत नव्हता. तो पहाटे उठायचा, स्वतःचं ताट घासायचा, आवाज चढवायचा नाही. देव्हाऱ्यासमोर अर्धा अर्धा तास बसायचा.

"नमस्कार करत नाही गो," आप्पा एकदा तिला हळूच म्हणाले. "नुसता बघत बसतो. मला भीती वाटते."

तिने यज्ञेशला विचारलं होतं, "काय करता तिथे बसून?"

"काही ऐकू येतंय का बघतो."

"मग? आलं?"

"नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुला येतं?"

"मला वेळ कुठे आहे?" असं म्हणून ती भाजी चिरायला वळली. पण त्याची नजर पाठीवर राहिली आहे असं तिला बराच वेळ वाटत राहिलं. ही नजर हल्ली वारंवार जाणवायची. चहा देताना, वह्या तपासताना मान वर केली की तो पाहत असायचा. कशाची तरी वाट पाहिल्यासारखा.

आणि आता मंगळवारीही मीटिंग सुरू झाली होती. जेवून दोनला निघायचा, साडेसहाला परत यायचा. पाय धुऊनच घरात शिरायचा. हातांच्या बोटांवर बारीक काप. "बागेत लागलं," म्हणायचा. बागेत असं लागत नाही, हे वीस वर्षं बागेत राहिलेल्या बाईला कळत होतं.

खवलं सापडलं त्या संध्याकाळी उमाने स्वरूपना फोन लावला. स्वरूप म्हणजे यज्ञेशच्या मीटिंगमधले वडीलधारे. बावीस वर्षं दारूला न शिवलेले. यज्ञेश अडला की त्यांनाच फोन करायचा.

"मंगळवारी मीटिंग नसते, वहिनी," स्वरूप म्हणाले.

उमाने मुठीतलं खवलं टेबलावर ठेवलं.

"तो पीत नाहीये, एवढं मी सांगतो."

"मग जातात कुठे?"

"ते त्याने सांगायला हवं."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

स्वरूप म्हणाले, "वहिनी, तुम्हाला त्याला काही सांगायचं आहे का?"

तिने फोन ठेवला. हा काय प्रश्न झाला? सांगायचं त्याने की तिने? हे सगळे एकमेकांना सामील आहेत, असं तिच्या मनाने घेतलं. एकमेकांच्या चोऱ्या झाकणारी माणसं, आणि वर देवाचं नाव.

पुढच्या मंगळवारी तिने शाळेत अर्धी रजा टाकली. दोनच्या सुमाराला फाट्यावरच्या दुकानाआड स्कूटर लावून उभी राहिली. यज्ञेशची मोटरसायकल आली आणि रत्नागिरीकडे न वळता दक्षिणेला वळली. तिने भरपूर अंतर ठेवून पाठलाग सुरू केला. वाटेत देशी दारूचं दुकान आलं, तिथे तिने श्वास रोखला. तो थांबला नाही. पुढे बिअर शॉपी आली. थांबला नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण रस्ता जसजसा पूर्णगडच्या खाडीकडे उतरू लागला तसतसा तिने स्कूटरचा वेग कमी केला. दारूची भीती मागे राहिली आणि तिच्या जागी दुसरीच एक भीती येऊन बसली, जिला ती अडीच वर्षं नावानेही हाक मारत नव्हती.

खाडीच्या अलीकडे, चिऱ्याच्या कापीव दरडीला लागून एक वळण आहे. तिथे तिने स्कूटर थांबवली. या रस्त्याने ती अडीच वर्षांत आली नव्हती. एकदा शाळेची सहल इकडे ठरली, तर तिने पाठदुखीचं निमित्त काढलं होतं.

अडीच वर्षांपूर्वी शिमग्याचे दिवस होते. यज्ञेश पिकअप घेऊन आंब्याच्या पेट्या पोचवायला गेला आणि दिवेलागणीला आला तो गाडीतून उतरायच्याही शुद्धीत नव्हता. तिने आणि आप्पांनी त्याला ओढत ओढत आत नेऊन झोपवलं. मग ती गाडीचा दिवा बंद करायला बाहेर आली आणि तिला बंपर दिसला. डावी बाजू आत गेलेली, दिवा फुटलेला. आणि बंपरभर माशांची खवलं चिकटलेली. कुठे कुठे लाल.

तिने नळी लावून गाडी धुतली. खराटा घेतला, साबण घेतला. मग शेडमागे नेऊन वर ताडपत्री टाकली. सकाळी यज्ञेशने विचारलं, "गाडीला काय झालं?" त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ती म्हणाली, "फाटकाच्या खांबाला घातलीत."

तिसऱ्या दिवशी हवालदार आला. पूर्णगडचा आत्माराम म्हणून एक मच्छीमार मोपेडवरून मासे घेऊन चालला होता, त्याला मागून कुणी तरी उडवलं, तो मोठी गाडी होती म्हणतो, म्हणून या पट्ट्यातल्या गाड्यांची चौकशी चालली आहे. बाई हायस्कूलच्या शिक्षिका, घर नावाजलेलं. हवालदार अंगणातच उभा होता, तिने त्याला कोकम सरबत दिलं.

"आमची गाडी चार दिवस बंद आहे," उमा म्हणाली. "बॅटरी उतरलीय."

त्याने लिहून घेतलं आणि गेला. माणूस जगला, एवढं तिने पुढे वर्तमानपत्रात वाचलं. पुढचं काही वाचलं नाही.

ती वळणावर किती वेळ उभी होती कोण जाणे. मग स्कूटर सुरू करून ती खाली गावात उतरली. यज्ञेशची मोटरसायकल किल्ल्याच्या पायथ्याजवळ एका कौलारू घरापुढे होती.

अंगणात माडाच्या सावलीत हिरवं जाळं पसरलेलं. एका बाजूला पन्नाशीचा काळा, काटक माणूस बसलेला. त्याचा उजवा हात कोपरापासून वाकडा, मांडीवर ठेवून दिलेला. त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, यज्ञेश. तो माणूस डाव्या हाताने सुई ओवायचा, आणि यज्ञेश फाटलेली भोकं ताणून धरायचा, गाठ पडली की दोरा ओढायचा. दोघं बोलत नव्हते. एकाचा हात थांबला की दुसऱ्याचा चालू व्हायचा. यज्ञेशच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा होता, जो उमाने देव्हाऱ्यासमोर बसलेल्या यज्ञेशच्या चेहऱ्यावर कधीच पाहिला नव्हता.

तिला राग आला. पहिली भावना तीच, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आपण इतकी वर्षं झाकून ठेवलं ते हा माणूस इथे उघड्या अंगणात मांडून बसलाय!

यज्ञेशने मान वर केली. दचकला नाही.

"ये," तो म्हणाला. "आज ना उद्या येशील असं वाटलंच होतं."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"केंद्रात असल्यापासून. थोडं थोडं आठवायला लागलं. आवाज आठवला आधी." त्याने दोरा सोडला नाही. "घरी आल्यावर फाटकाचा खांब पाहिला. त्याच्यावर ओरखडासुद्धा नव्हता, उमा."

"मग मला विचारलं का नाही?"

"तू सांगतेस का ते बघत होतो."

म्हणजे ही ती नजर. तो केंद्रातून परत आल्यापासून पाच महिने ती त्याचा श्वास हुंगत होती, त्याचे खिसे चाचपत होती, आणि तेच पाच महिने तो तिच्यावर डोळा ठेवून होता. एका घरात, एका छपराखाली.

"मीटिंगमध्ये सांगतात, ज्याचं वाईट केलंत त्याच्यापुढे जाऊन उभे राहा," यज्ञेश म्हणाला. "मी देवापुढे बसून बघितलं. देवापुढे सोपं असतं गं. तो कधी उलट विचारत नाही. विचारत विचारत इथे आलो तर यांनी पहिल्या दिवशी हाकलून दिलं."

"मंग काय करनार?" तो वाकड्या हाताचा माणूस, आत्माराम, प्रथमच बोलला. "अडीच वरसांनी कोन येतो सांगायला? मला वाटलं, काय तरी डाव असंल. जमिनीचा नायतर इलेक्शनचा. दुसऱ्यांदा आले, तवा बोललो, धरा जाळं. बघू किती दिवस धरतात." त्याने उमाकडे नीट पाहिलं. "तुमीच त्या बाई काय? गाडी बंद व्हती बोललेल्या?"

हे वाक्य त्याला पाठ होतं. पोलिसांनी त्याला वाचून दाखवलं असणार.

"हो," उमा म्हणाली.

"बसा. उनात उभ्या ऱ्हाऊ नका."

ती पायरीच्या कडेला बसली. तो शिव्या देईल, हात दाखवील, पोलिसांत जाईन म्हणेल, याची तिने तयारी केली होती. त्याने सुई जाळ्यात खोचली आणि म्हणाला, "हाताचं ऱ्हाऊ द्या. हात गेला तो गेला. तुमाला दुसरं सांगतो. मी प्यायचो पयलं. पोरगी झाली तवा सोडली. सहा वरसं थेंब नाय. आनि शिमग्यात पडलो. गाडी भेटली नाय कुनाची. मंग सगला गाव काय बोलला? आत्माराम प्यायला आनि दरडीवर आपटला. गाडी-बिडी कुटं नाय, येचीच नशा." त्याने वाकडा हात मांडीवर नीट ठेवला. "गावाचं काय नाय. पन घरात पन तेच."

"घरात?"

"ह्यांनी येऊन सांगितलं माज्या बायकोला. ती बोलली, दारुड्याची साक्ष दारुडा देतोय." आत्माराम हसला नाही. त्याने मान वळवून दारातून आत हाक मारली, "नम्रता! जरा भायेर ये."

हात पुसत एक चाळिशीची बाई दारात आली. तिने यज्ञेशकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि उमाला आपादमस्तक न्याहाळलं. इस्त्रीची साडी, घड्याळ, शाळेचा बिल्ला. उमाने बिल्ला काढला नव्हता.

"ह्या शालेतल्या बाई," आत्माराम म्हणाला. "ह्यांना तुला काय तरी सांगायचंय."

अजूनही उठून निघून जाता आलं असतं. स्कूटर दहा पावलांवर होती. पस्तीस मुलांसमोर रोज बोलणाऱ्या उमाला पहिलं वाक्य सापडेना. तिने जमिनीकडे पाहत सुरुवात केली, मग ते बरं नाही असं वाटून नम्रताच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"माझ्या नवऱ्याच्या गाडीनेच यांना उडवलं. गाडी मी धुतली. बंपरवर खवलं होती, रक्त होतं. हवालदार आला तेव्हा मी म्हटलं, गाडी बंद होती. ती बंद नव्हती. यांनी दारू घेतलेली नव्हती. प्यायलेले हे होते." तिने यज्ञेशकडे बोट दाखवलं आणि मग ते स्वतःकडे वळवलं. "मी शुद्धीवर होते."

नम्रता दाराची चौकट धरून उभी होती. मग नवऱ्याकडे वळली.

"अडीच वरसं," ती म्हणाली. "अडीच वरसं मी तुजं तोंड हुंगतेय. तू झोपलास की. तुजा डबा, तुजी पिशवी. तू बोलायचास, नाय प्यायलो, नाय प्यायलो, आनि मी बोलायची, गप ऱ्हा."

"मला ठावं हाय," आत्माराम म्हणाला.

"तुला ठावं व्हतं मी हुंगतेय?"

"झोप लागायची नाय मला. हात दुकायचा."

त्यावर नम्रता उमाकडे आली. एवढ्या जवळ आली की उमाला वाटलं आता ही मारणार, आणि मारलं तर बरं होईल. पण नम्रताने हात उचलला नाही.

"चांगली शिकलेली बाई तू," ती म्हणाली. "तुला एक डाव पन यावंसं वाटलं नाय?"

कित्येकदा वाटलं होतं, असं म्हणता आलं असतं. पण ते खरं नव्हतं, आणि त्या अंगणात आणखी एक खोटं बोलायची तिची ताकद संपली होती.

"नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, विसरलं जाईल."

नम्रता आत निघून गेली. आतून भांड्यांची आदळआपट ऐकू आली, मग थांबली. आत्माराम उठला आणि तिच्यामागे आत गेला. अंगणात जाळं आणि हे दोघं राहिले. मग उमा म्हणाली, "मला वाटलं तुम्ही परत प्यायला लागलात."

"रोज वाटतं मला प्यावंसं," यज्ञेश म्हणाला. "इथे बसलो की तीन तास वाटत नाही. का ते मला माहीत नाही. स्वरूप म्हणतात, शोधू नकोस, बसून राहा."

"आणि माझ्यावर पाळत ठेवलीत ती?"

"तुझ्यावर विश्वास बसत नव्हता. अजूनही पुरता बसलेला नाही." तो सरळ म्हणाला. "तुझा तरी माझ्यावर कुठे आहे?"

ती निघून गेली नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि एकमेकांशी इतकं खरं ते पहिल्यांदाच बोलत होते.

त्या रात्री त्यांनी आप्पांना सगळं सांगितलं, पोलिसांत जायचं यज्ञेशच्या मनात आहे हेही. आप्पा म्हणाले, "पोलिसांत गेलात तर घराची अब्रू जाईल." मग जेवताना मध्येच म्हणाले, "त्या दिवशी ओढून आणलं तेव्हा त्याच्या सदऱ्याला ओल्या मासळीचा वास होता, तळलेल्याचा नव्हे. मी विचारलं नाही." आणि पानावरून उठले. ज्याचा सल्ला घेतला तो वकील म्हणाला, इतक्या उशिरा कशाला वाघाच्या तोंडात हात घालता? उमाला नोकरीची काळजी होती, ती तिने बोलूनही दाखवली. दोन आठवडे ती रोज सकाळी एक ठरवायची आणि संध्याकाळी दुसरं. यज्ञेशने तिला आग्रह केला नाही. मी जाणार, एवढंच म्हणाला, तुझं तू बघ. तिला तेही संशयास्पद वाटलं. एकटा गेला तर पोलिसांपुढे काय सांगेल? तिचं नाव वगळेल की पुढे करेल? शेवटी ती त्याच्यासोबत निघाली. त्यात पश्चात्ताप किती आणि हा अविश्वास किती, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

पूर्णगडहून आत्माराम आणि नम्रता एसटीने येणार होते. चौघं पोलीस ठाण्याच्या आवारात भेटले. नम्रताने उमाशी बोलणं टाळलं. बाकावर मात्र दोघींना शेजारीच बसावं लागलं, कारण बाक एकच होता. आतल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांचा विश्वास बसत नव्हता, हे उघड दिसत होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपणहून, जुनं, बंद झालेलं प्रकरण उकरायला आलेलं कुणी त्यांनी पाहिलं नसावं.

"कुणाचा दबाव आहे का तुमच्यावर?" त्यांनी यज्ञेशला विचारलं.

"नाही."

"तुमच्यावर?" आत्मारामला.

"नाय साहेब."

"काही देवाणघेवाण ठरलीय?"

"नाय."

"मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात. हे नोंदवलं की माघार नाही. नुकसान तुमचंच. कळतंय ना?"

"कळतंय," उमा म्हणाली.

साहेबांनी हवालदाराला लिहून घ्यायला सांगितलं. तो पोरसवदा होता, कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करायचा. नावं, वयं, पत्ते झाले. मग त्याने पडद्यावरून मान वर केली आणि आत्मारामला विचारलं, "हे दोघं तुमचे कोण?"

आत्मारामने यज्ञेशकडे पाहिलं, मग उमाकडे. नम्रता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

"लिवा, ओळखीचे," आत्माराम म्हणाला.

"ओळखीचे कसे? नातं काय, संबंध काय?"

"ते अजून ठरायचंय," नम्रता म्हणाली. "तू पुढचं लिव."